शंकेला धीर नको, उत्तर हवे

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. तिथल्या भिंतींवर, टेबलांच्या कडांवर, वह्यांच्या पहिल्या पानांवर जी वाक्ये लिहिलेली असतात त्यांचा मथितार्थ बहुधा एकच असतो: स्वतःवर शंका घेऊ नकोस. व्याख्याते हेच सांगतात, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत हेच शिकवले जाते, आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती दिवसभर हेच बजावत असतात. मनात शंकेची पाल चुकचुकली की तिला हुसकावून लावा, कारण तुमच्या आणि यशाच्या मध्ये तेवढी एकच गोष्ट उभी आहे. हे मत इतके सर्वमान्य झाले आहे की ते एक मत आहे, त्याला दुसरी बाजू असू शकते, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. मला ते चुकीचे वाटते. ज्यांच्या भल्यासाठी ते सांगितले जाते, त्यांचेच त्यात नुकसान आहे असेही मला वाटते.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची रीत. पूर्वपक्ष असा: ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो कामाला हात घालत नाही, घातलाच तर अर्ध्यात सोडतो. मुलाखतीत येत असलेले उत्तरही त्याच्या तोंडून फुटत नाही. त्याच्याहून कमी जाणणारा, पण छातीठोकपणे बोलणारा, पुढे निघून जातो. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे आणि ते खोटे नाही. या मताच्या पाठीशी परंपराही उभी केली जाते. गीतेच्या चौथ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक संशयी माणसाचा नाश होतो असे सांगतो, आणि तेवढा चरण घरोघरी पाठ असतो. आधुनिक काळात फ्रान्समधल्या एमिल कुए या औषधविक्रेत्याने रोज ठरावीक वाक्य पुटपुटण्याचा उपचार प्रसिद्धीला आणला. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ १९५२ मध्ये निघाले. १९८६ मध्ये तर कॅलिफोर्निया राज्याने, आमदार जॉन व्हास्कन्सेलॉस यांच्या पुढाकाराने, नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमले. माणसाला स्वतःबद्दल बरे वाटू लागले की गुन्हे, व्यसने, शाळेतले अपयश हे सारे कमी होईल, अशी त्यामागची आशा होती.

आता उत्तरपक्ष. आधी गीतेकडे पाहू, कारण तिचा दाखला सर्वात जास्त दिला जातो आणि सर्वात कमी तपासला जातो.

त्या चाळिसाव्या श्लोकाच्या आधी, चौतिसाव्या श्लोकात, ज्ञान कसे मिळवायचे ते सांगितले आहे: जाणत्यांपुढे नम्र व्हावे, त्यांना खोदून खोदून प्रश्न विचारावेत, त्यांची सेवा करावी. अध्यायाच्या शेवटी, बेचाळिसाव्या श्लोकात, हृदयात ठाण मांडून बसलेला संशय ज्ञानाच्या तलवारीने छेदून ऊठ, असे सांगितले आहे. म्हणजे संशय जायचा तो जाणण्याने. शंका मनात येऊच देऊ नकोस, असा उपदेश इथे नाही. ती ज्यावर उभी आहे ते अज्ञान घालव, असा आहे. आणि ज्याला हे सांगितले तो अर्जुन पुढचे चौदा अध्याय विचारतच राहतो. अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला म्हणतो की सांगायचे ते सांगून झाले, आता याचा पुरता विचार कर आणि तुला पटेल ते कर. त्यानंतर कुठे अर्जुन आपला संदेह फिटल्याचे कबूल करतो. एवढ्या संवादातला एक चरण उचलायचा आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करायला वापरायचा, हा गीतेवर अन्याय आहे.

नैयायिकांनी तर याहून पुढे जाऊन संशयाला शास्त्रात मानाची जागा दिली. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण पहिले, प्रमेय दुसरे, आणि तिसरा संशय. निर्णय येतो तो नववा. भाष्यकार वात्स्यायनाचे म्हणणे असे की जे मुळीच ठाऊक नाही तिथे न्याय चालत नाही, आणि जे ठरून गेले आहे तिथेही चालत नाही. जिथे संशय आहे तिथेच तो चालतो. मीमांसकांच्या अधिकरणातही विषयानंतर संशय मांडावा लागतो आणि पूर्वपक्ष त्याच्यानंतर येतो. विचाराच्या वाटेवरचे हे नाके आहे. ते टाळून निर्णयाला पोचता येत नाही.

या परंपरेतले ठरलेले उदाहरण घेऊ. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उभे दिसते. खांब असेल की माणूस? शंका का आली? उंची आणि आकार ही दोघांत सारखी असलेली लक्षणे दिसताहेत. एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे लक्षण, हातपाय किंवा हालचाल, दिसत नाही. इथे ‘माणूसच आहे’ असे दहादा म्हटल्याने काही निकाल लागत नाही. चार पावले पुढे जाऊन पाहिल्यानेच लागतो.

स्वतःबद्दलच्या शंकेची जडणघडण हुबेहूब अशीच आहे. बारावीला चांगले गुण मिळालेली मुलगी मनाशी विचारते: मला विषय कळला आहे, की घोकंपट्टीवर निभावले? गुण ही दोन्ही शक्यतांत सारखी दिसणारी खूण आहे, म्हणून शंका आली. तिची बुद्धी ठिकाणावर आहे म्हणून आली. तिला वेगळे करणारे लक्षण हवे: पुस्तकात नसलेले गणित सुटते का, धाकट्या भावाला तो भाग समजावून सांगता येतो का. हे करून पाहिले की शंका फिटते किंवा खरी ठरते, आणि दोन्हींत तिचा फायदाच आहे. आपण मात्र तिला ‘तू हुशारच आहेस’ म्हणतो आणि विषय संपवतो. तिचा प्रश्न होता तिथेच राहतो. फक्त आता तो उघड विचारायची तिला लाज वाटू लागते.

हा केवळ जुन्या शास्त्रांचा अभिमान आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून प्रयोगांकडे वळतो. जोन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य काहींना मनाशी पुनःपुन्हा म्हणायला लावले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उतारा म्हणून सांगितला जातो, त्यांना तेच वाक्य न म्हणणाऱ्या आपल्यासारख्या इतरांपेक्षा अधिक वाईट वाटले. कारण उघड आहे. वाक्य म्हणताक्षणी मन त्याविरुद्धचे पुरावे काढू लागते, आणि ते खोडायला हाताशी काही नसते. त्याच अभ्यासात हेही दिसले की अशा लोकांना हे वाक्य कुठे खरे आहे आणि कुठे नाही, या दोन्ही बाजूंचा विचार करायची मोकळीक दिली, तर नुसते ‘खरेच आहे’ असे मानायला लावलेल्यांपेक्षा ते बऱ्या स्थितीत राहतात. म्हणजे शंकेला आत घेतले की उपाय सोसतो; तिला दाराबाहेर ठेवले की तो अंगावर येतो.

कॅलिफोर्नियाच्या आशेचे काय झाले? रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आत्मसन्मानावरचे संशोधन धुंडाळून २००३ मध्ये विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. उच्च आत्मसन्मान आणि सुखाची भावना यांचा संबंध त्यांना दिसला, पुढाकार घेण्याशीही दिसला. तो नाकारण्याचे कारण नाही. पण मुलांचा आत्मसन्मान फुगवल्याने त्यांचा अभ्यास सुधारतो याला आधार मिळाला नाही. उलट चांगला अभ्यास झाला की त्यापोटी आत्मसन्मान काही प्रमाणात वाढतो, असे दिसले. बैल आणि गाडी यांचा क्रम आपण उलटा लावला होता.

मग विश्वास येतो कुठून? अल्बर्ट बँड्यूरा यांनी १९७७ मध्ये याचे जे उत्तर दिले ते आजही टिकून आहे. आपल्याला एखादे काम जमेल हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः ते करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कोणाला करताना पाहिल्याने, दुसऱ्याने समजावल्याने, आणि आपल्या शरीराची धडधड आपण कशी वाचतो त्यावरून. यांत करून पाहणे सर्वात बळकट. नुसते समजावणे दुबळे, कारण पहिल्या अपयशात ते वाहून जाते. मराठीत ज्याला उसने अवसान म्हणतात ते हेच. बँड्यूरांनी पुढे आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवली: शिकण्याच्या, तयारीच्या काळात आत्मशंका माणसाला ढकलते, अवगत झालेले कौशल्य प्रत्यक्ष वापरण्याच्या क्षणी तीच आड येते. शंकेची वेळ असते. रियाजात ती हवी, मैफलीत नको. पूर्वपक्षाने मैफलीतली शंका पाहिली आणि रियाजातल्या शंकेलाही फाशी दिली.

आणि शंका संपलीच, तर काय होते? वैद्यकातले एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात ११८ डॉक्टरांना काही सोप्या आणि काही कठीण रुग्णांची माहिती देऊन निदान करायला सांगितले होते. सोप्या प्रकरणांत सुमारे ५५ टक्के निदाने बरोबर आली, कठीण प्रकरणांत जेमतेम ६ टक्के. पण डॉक्टरांचा स्वतःच्या निदानावरचा विश्वास दहापैकी ७.२ वरून फक्त ६.४ वर आला. अचूकता कोसळली आणि विश्वास जवळजवळ जागच्या जागी राहिला. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरला विचारण्याची बुद्धी शंकेतूनच व्हायची असते. ती शंकाच तिथे उगवली नाही. याच्या शेजारी एमआयटीतल्या बसिमा ट्युफिक यांचे २०२२ मधले संशोधन ठेवावे. आपल्याबद्दल लोकांना वाटते तेवढे आपण लायक नाही, असा विचार ज्यांच्या मनात वरचेवर येतो, ते समोरच्याकडे अधिक लक्ष देतात आणि इतरांना ते अधिक सहृदय वाटतात. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांतही हे आढळले, आणि त्यांच्या कामाच्या दर्जात त्यामुळे घट दिसली नाही. असे विचार सुखाचे असतात, असा मात्र याचा अर्थ नाही.

वारकरी परंपरेने या प्रश्नाची फार सुंदर आख्यायिका जपली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईने विचारले, या मडक्यांत पक्के कोण, कच्चे कोण, पाहा बरे. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. बाकीचे शांत राहिले; नामदेव रागावले. निकाल झाला: हे मडके कच्चे. नामदेव तडक पंढरपूरला गेले, आणि ज्याच्याशी त्यांचे रोजचे बोलणे त्या विठ्ठलापुढे त्यांनी गाऱ्हाणे मांडले. विठ्ठलाने त्यांची समजूत काढली नाही. ‘तू माझा लाडका, तू कच्चा कसा’ असे म्हणणे त्याला किती सोपे होते. त्याने पत्ता दिला: औंढा नागनाथला विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा. तिथे नामदेवांना काय शिकायचे राहिले होते ते कळले. पुढे त्यांची वाणी पंजाबापर्यंत पोचली आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. आख्यायिकेचा इतिहास म्हणून पुरावा मागू नये. पण शतकानुशतके मराठी माणसाने ही गोष्ट आपल्या सर्वात लाडक्या संतांपैकी एकाबद्दल सांगितली, हे लक्षणीय आहे. कच्चेपणाची शंका इथे अपमान म्हणून आली आणि वाट म्हणून स्वीकारली गेली.

परंतु इथेच एक भेद करायला हवा, नाहीतर माझे म्हणणेही घातक ठरेल. ‘मला हे जमते आहे का?’ ही एक शंका. ‘माझ्यासारख्याने इथे असावे का?’ ही दुसरी. पहिली कामाबद्दलची आहे. दुसरी जन्माबद्दलची, बाईपणाबद्दलची, जातीबद्दलची, भाषेबद्दलची असते, आणि ती बहुतेकदा आपल्या मनात उगवलेली नसते. कोणीतरी पेरलेली असते. गोरोबांनी सगळ्यांना एकच थापटणे लावले होते. ज्याच्या डोक्यावर ते जात पाहून मारले जाते, त्याला ‘आत्मपरीक्षण कर’ म्हणणे क्रूरपणा आहे.

पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांच्या मनातल्या या भावनेवर पहिला निबंध लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर तो आधारलेला होता: पदव्या, पुरस्कार, मान्यता असूनही आपण फसवून इथवर आलो आणि एक दिवस उघडे पडू, असे त्यांना वाटे. ते वाटणे कुटुंबातल्या वागणुकीत आणि स्त्रियांबद्दलच्या सामाजिक समजुतींत कसे रुजते हे त्या दोघींनी सांगितले होते, आणि उपचार गटात करावा असे सुचवले होते, कारण एकीला दुसरीची कहाणी ऐकून आपली शंका किती निराधार आहे ते दिसते. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत समाजाचा भाग गळून पडला आणि ‘तुला इम्पोस्टर सिंड्रोम झाला आहे’ एवढेच उरले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत असा आजार नाही. २०२१ मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन बुरे यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ठामपणे लिहिले की बायकांना हा सिंड्रोम असल्याचे सांगणे थांबवा आणि तो निर्माण करणारी कामाची ठिकाणे दुरुस्त करा. मला हे पूर्णपणे पटते.

आपल्याकडचे रूप याहून कठोर आहे. दिल्लीच्या एम्समध्ये दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी मराठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात वर्गात, वसतिगृहात, परीक्षेत होणाऱ्या भेदभावाची नोंद आहे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात ‘तुझा रँक किती?’ हा प्रश्न ज्याला पुनःपुन्हा ऐकावा लागतो, त्याच्या मनात आपल्या लायकीविषयी शंका यावी, हाच त्या प्रश्नाचा हेतू असतो. या मुलाला आत्मविश्वासाच्या कार्यशाळेला पाठवणे म्हणजे मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याला शिकवणे. त्याच्या शंकेचे उत्तर संस्थेने द्यायचे आहे.

आता पूर्वपक्षाचा सर्वात बळकट आक्षेप. शंका माणसाला जागच्या जागी थिजवते, त्याचे काय? खरे आहे, थिजवते. पण थिजवणारी शंका नीट पाहिली तर ती बहुधा मोघम असते: ‘माझे काही होणार नाही.’ या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण ते काही विचारतच नाही. ‘मला मुख्य परीक्षेत दोनशे पन्नास गुणांची निबंधाची प्रश्नपत्रिका तीन तासांत लिहून होईल का?’ याला उत्तर आहे. घड्याळ लावून बसले की ते मिळते. आणि न्यायशास्त्रात तिसऱ्यानंतर नववा पदार्थ आहेच. पुरावा पाहून झाला की निर्णय करायचा, आणि नवा पुरावा येईपर्यंत त्याला चिकटून राहायचे. चार्ल्स डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती दिसली की ती लगेच टिपून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक पूर्ण प्रकरण स्वतःच्या सिद्धांताच्या अडचणींना दिले. शंकेला त्यांनी जागा नेमून दिली होती, म्हणून ती त्यांच्या सगळ्या ग्रंथभर पसरली नाही.

काही शंका मात्र पुराव्याने फिटत नाहीत. दार लावले का हे दहादा पाहूनही जिला समाधान नाही, किंवा जिच्यासोबत झोप उडते, भूक जाते, जगणेच नकोसे वाटते, ती शंका आजाराची खूण आहे. तिथे वाद घालू नये, उपचार करावेत. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा मोफत मिळते.

शेवटी त्या अभ्यासिकांकडे येतो, कारण तिथे हा प्रश्न चर्चेचा राहत नाही, पोरांच्या आयुष्याचा होतो. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले, ५,९२,१४१ उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी शिफारस झाली ती १,०१६ जणांची. चौथ्या प्रयत्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला ‘आपण थांबावे का?’ असे वाटत असेल तर तो दुबळा नाही. तो हिशेब करतो आहे, आणि तो हिशेब त्याला करू दिला पाहिजे. गेल्या तीन वेळांत गुण वाढले की अडकले? कोणत्या विषयात? घरची ओढाताण किती सोसेल? दुसरी कोणती वाट हाताशी आहे? कदाचित उत्तर ‘आणखी एकदा’ असे येईल, कदाचित ‘पुरे’ असे. दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत. शंका घेणेच पाप आहे असे त्याला शिकवणाऱ्यांनी त्याचे हे दुसरे उत्तर आधीच हिरावून घेतलेले असते, आणि वर्षे जातात ती त्याची.

म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातले किंवा वर्गातले मूल ‘मला जमेल का?’ असे विचारेल तेव्हा ‘जमेल रे’ म्हणण्याआधी ‘नेमके काय जमणार नाही असे वाटते?’ हे विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.